बूच काढण्याचं डिपार्टमेंट

लग्न होऊन धुळ्याला आले तोवर वाइनची बाटली मी फक्त सिनेमात पाहिली होती. माझं माहेर अमळनेरजवळच्या एका खेड्यातलं. वडिलांना आम्ही सगळी भावंडं आबा म्हणायचो. आबांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. गावातल्या कुणाच्या वरातीत दारू आली आहे असं नुसतं कानावर आलं तरी ते वरात सोडून घरी यायचे. भांडायचे नाहीत, कुणाला बोलायचे नाहीत. निघून यायचे आणि ओट्यावर बसून राहायचे.

यजमान इंजिनियर होते. धुळ्याच्या बाहेर, हमरस्त्याला लागून असलेल्या एका सूतगिरणीत त्यांची नोकरी. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. गिरणीच्या आवारातच अधिकाऱ्यांसाठी चार बंगले बांधलेले होते, त्यातला शेवटचा आमचा. बंगला म्हटल्यावर माहेरी सगळ्यांना वाटलं, पोरीनं नशीब काढलं. पण त्या आवाराला उंच भिंत होती आणि भिंतीवर काचा रोवलेल्या होत्या. फाटकावर वॉचमन असायचा आणि त्याच्यापुढे एक रजिस्टर. मी भाजी आणायला बाहेर पडले तरी तो लिहायचा, ‘साहेबांच्या मिसेस’, आणि पुढे वेळ. परत आले की पुन्हा वेळ. शहरात जायचं तर गिरणीची जीप, तीही मोकळी असेल तेव्हा. दिवसभर कापसाचा बारीक धुरळा खिडक्यांच्या जाळ्यांवर साचायचा आणि मी तो झाडायचे. संध्याकाळी पुन्हा साचलेला असायचा.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा इटलीहून यंत्रं आली. सूत गुंडाळायची मोठी यंत्रं होती, आणि ती बसवून द्यायला तिघं जण आले. एक साठीचा, पांढऱ्या मिशांचा. दुसरे दोघं तिशीतले. काम तीन महिन्यांचं होतं. गिरणीच्या जनरल मॅनेजरांना सगळे मोठे साहेब म्हणायचे. त्यांनी ठरवून टाकलं की पाहुण्यांनी राहायचं गेस्ट हाउसमध्ये आणि दुपारचं जेवण आमच्याकडे घ्यायचं. यंत्रांचं काम यजमानांकडे होतं, आणि मोठ्या साहेबांच्या पत्नीला संधिवात होता. मला कुणी विचारलं नाही, पण जेवण घालायचं मला ओझं वाटलं नाही. आमच्याकडे पाहुण्याला जेवू घालणं हा काही विचारण्याचा विषय नव्हता. भरलेली वांगी खाताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं, तरी ते पुन्हा मागून घ्यायचे.

पण त्यांना जेवणाबरोबर वाइन लागायची. आपल्याला पाणी लागतं तशी. यंत्रांच्या पेट्यांबरोबर बाटल्यांच्याही पेट्या आल्या होत्या. परवाने वगैरे मोठ्या साहेबांनी करून घेतले. त्या सगळ्या पेट्या आमच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत रचल्या. बाटल्या आल्या, मात्र बूच काढायचं हत्यार आलं नाही. त्यांच्यापैकी कुणाची तरी बॅग मुंबईला विमानतळावरच हरवली होती, त्यात ते गेलं.

पहिल्या दिवशी म्हाताऱ्या पाहुण्यानं बाटली हातात घेतली आणि खिशातून काहीतरी काढून तो बूच कोरायला लागला. यजमानांनी ती त्याच्या हातातून काढूनच घेतली. “नाही नाही, आमच्या घरात पाहुण्यांनी हात लावायचा नाही,” असं त्यांनी इंग्रजीत बजावलं. मग स्वतः लाकडी उलथन्याच्या दांड्यानं बूच आत ढकललं. लाल चिळकांडी उडाली ती थेट त्यांच्या पांढऱ्या शर्टावर. बूच बाटलीत तरंगत राहिलं आणि ओतताना दर वेळी तोंडाशी येऊन अडकत होतं. यजमानांचा चेहरा मला अजून दिसतो. त्यांना कुणासमोर चुकणं सहन व्हायचं नाही.

दुसऱ्या दिवशी ते धुळ्याच्या बाजारात जाऊन चाकू-कात्र्यांच्या दुकानातून एक वस्तू घेऊन आले. वर आडवी लाकडी मूठ, खाली जाड लोखंडी स्क्रू. दुकानदाराकडे ती कित्येक वर्षं पडून असावी. दिसायला मजबूत, पण तो स्क्रू भरीव होता. लाकडात घुसतो तसा बुचात घुसायचा आणि मधोमध भोक पाडायचा. ओढलं की स्क्रू तेवढा हातात यायचा आणि बुचाचा भुगा बाटलीत. त्यातून आमच्याकडचं ऊन. बोटीनं महिनाभर उभ्या आलेल्या आणि आता पत्र्याखाली ठेवलेल्या बाटल्यांची बुचं आधीच वाळून ठिसूळ झालेली. तीन दिवस पाहुण्यांनी चहाच्या गाळणीनं गाळलेली वाइन प्यायली. चौथ्या दिवशी यजमान ओढता ओढता मागे खुर्चीवर आदळले. तिशीतला एक पाहुणा हसला आणि लगेच गप्प झाला. त्या रात्री यजमान माझ्याशी बोलले नाहीत, जणू मीच हसले होते.

पाचव्या दिवशी त्यांना गिरणीत उशीर झाला. निरोप आला, पाहुण्यांना जेवायला बसवून घे. ते तिघं टेबलाशी बसलेले, पेले रिकामे, आणि कुणी काही मागतही नव्हतं. मला त्यांची कीव आली. मी बाटली घेतली, स्वयंपाकघरात खाली बसले, शेवयांचा साचा धरतो तशी दोन पावलांत ती पक्की धरली आणि तो स्क्रू अगदी सावकाश फिरवला. दाबला नाही. तो ज्या बाजूला जायला बघेल तिकडे जाऊ दिला. मग ओढायच्या ऐवजी थोडं हलवत, थोडं उचलत राहिले. बूच अख्खं बाहेर आलं. मी बाटली घेऊन बाहेर गेले तेव्हा हातात ते स्क्रूला टोचलेलं बूच तसंच होतं. तिघांनी टाळ्या वाजवल्या. म्हातारा उठून उभा राहिला. त्याच वेळी यजमान दारातून आत आले, बरोबर मोठे साहेब.

“वा!” मोठे साहेब म्हणाले. “मग आता हे डिपार्टमेंट वहिनींचं!”

सगळे हसले. मीही हसले. यजमानांच्या चेहऱ्यावर सुटका दिसत होती. तेव्हा मला वाटलं, चला, घरातली कटकट मिटली.

दुसऱ्या दिवसापासून मीच. दुपारी दोन बाटल्या, कधी तीन. रविवारी मोठ्या साहेबांचे पाहुणे असले की पाच. आत बसून उघडलेलं चालेना. मोठ्या साहेबांना ते सगळ्यांसमोर हवं असायचं. धुळ्याचे कुणी अधिकारी, जळगावचे कुणी व्यापारी जेवायला यायचे आणि साहेब म्हणायचे, “आता बघा हं, आमच्या खानदेशची सून कशी उघडते.” मी टेबलाच्या टोकाशी उभी. डोक्यावरून पदर. हातात बाटली. सगळ्यांचे डोळे माझ्या बोटांवर.

काम करणाऱ्या बाईनं आठवड्यातच सांगितलं, “ताई, बठ्ठं काम करसू, पन त्या गिलासले हात लावाव नई.” मी तिला आग्रह केला नाही. पेले मीच धुवायला लागले. शेजारच्या बंगल्यातल्या बायका पूर्वी दुपारी यायच्या, त्या यायच्या थांबल्या. हळदीकुंकवाला बोलावणं यायचं, पण तीर्थ-प्रसाद हातावर ठेवताना एकीचा हात जरा घुटमळला, तो मी पाहिला. हाताला वास यायचा. आंबट, गोडसर. देवापुढे बसण्याआधी मी चिंचेनं हात घासायचे, मग डाळीच्या पिठानं, आणि तरी फुलं वाहताना मला वाटायचं, देवालाही येत असेल.

माहेरी कुणाला माहीत नव्हतं. “हे तिकडे कळवायची काही गरज नाही,” यजमान एकदा म्हणाले होते. पत्रात मी लिहायचे, पाहुण्यांचं फार असतं, वेळ मिळत नाही.

मुंबईहून मग एक नवं हत्यार मागवलं. ते चकचकीत होतं. मधला दांडा फिरवला की दोन्ही बाजूंचे दोन हात वर जायचे, माणूस शरण आल्यासारखे. ते हात खाली दाबले की बूच वर. पहिल्या दिवशी सगळे खूश. पण ते रोज वापरायचं नव्हतंच मुळी, कधीमधी हौसेनं वापरायचं असावं. महिना-सव्वा महिन्यात त्याचे दाते झिजले. एक हात वर जायचा, दुसरा अर्ध्यात अडकायचा. शेवटी जळगावच्या कुणा बड्या माणसासमोर एक हात तुटून माझ्या मनगटावर आला. रक्त आलं नाही, काळंनिळं झालं. यजमानांनी आधी बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

भुसावळचं नाव मोठ्या साहेबांनी सुचवलं. तिथे रेल्वेतले जुने अँग्लो-इंडियन लोक अजून राहतात, त्यांच्याकडे असल्या वस्तू पक्क्या असतात, असं ते म्हणाले. एका रविवारी पाहुणे अजिंठ्याला गेले, आणि आम्ही चाळीसगावला गाडी बदलून भुसावळला गेलो. लग्नानंतर आम्ही दोघं असे पहिल्यांदाच कुठे गेलो होतो. कारण बूच काढायचं हत्यार.

चर्चच्या मागे, चाफ्याच्या झाडाखालच्या एका बैठ्या घरात एक म्हातारी बाई राहायची. तिचा नवरा स्टेशनातली उपाहारगृहं सांभाळायचा, तो वारला होता. फ्रॉक, वर स्वेटर, पायात मोजे. हिंदी बोलायची, आमच्यापेक्षा चांगली. तिनं टेबलाचा खण उघडला आणि चार-पाच हत्यारं आमच्यासमोर मांडली. यजमानांनी लगेच सगळ्यात जड होतं ते उचललं.

“वो नहीं साहब,” ती म्हणाली, “खोलता कौन है?”

मी म्हणाले, “मैं.”

मग तिनं खुर्ची माझ्याकडे वळवली आणि त्यांच्याकडे पाठ केली. काडेपेटीतून एक काडी काढून माझ्या हातात दिली. म्हणाली, मळसूत्राच्या मधल्या पोकळीतून ही काडी वरपर्यंत गेली पाहिजे. गेली तर ते चांगलं. नाही गेली तर ते भोक पाडणार, बूच उचलणार नाही. तारेचं वेटोळं हवं, भरीव स्क्रू नको. टोक बरोबर मध्यावर नको, वेटोळ्याच्याच वळणात हवं. वेढे पाच हवेत, चार असले तर लांब बूच मधेच तुटतं. मी एकेक हत्यार घेऊन काडी घालून पाहिली. तिन्हींत गेली नाही. चौथं सुरीसारखं मिटणारं होतं, पोलादी, गुळगुळीत झालेलं. एका टोकाला वरचं शिशाचं वेष्टण कापायला बोटभर पातं, मध्ये वेटोळं, दुसऱ्या टोकाला बाटलीच्या काठावर टेकवायची खाच. काडी सरळ आत गेली. तिनं एक बूच लावलेली रिकामी बाटली आणली आणि करून दाखवलं. सगळं आत घालायचं नाही, एक वेढा बाहेर ठेवायचा. खाच काठावर टेकवायची, उचलायचं. शेवटचा अर्धा इंच बोटांनी. जोर हाताचा नाही, टेकूचा.

“और बोतल सुला के रखो,” ती म्हणाली. “खडी रखोगी तो बूच सूखेगा. ऊपर गीला बोरा.”

यजमान बाहेर चाफ्याखाली सिगारेट ओढायला गेले तेव्हा तिनं विचारलं, “घर में पीता कौन है, बेटी?”

“कोई नहीं. मेहमान.”

“तो मेहमान के हाथ नहीं हैं?”

ते हत्यार तिनं जुन्या रुमालात गुंडाळून दिलं. तिच्या नवऱ्याचं होतं.

आणि खोटं कशाला बोलू, त्या हत्यारानं मला ते काम आवडायलाही लागलं. बाटल्या आडव्या ठेवल्या, वर ओलं गोणपाट टाकलं, आणि बुचं तुटायची थांबली. वेटोळं आत शिरताना हाताला कळायचं, बूच मऊ आहे की वाळलेलं, सरळ चाललंय की कडेला. घरात दुसरं असं काही नव्हतं जे मी इतकं नीट करत होते आणि लोक बघत होते. पण जितकं नीट जमायला लागलं तितकी मी त्यात रुतत गेले. आता “मला जमत नाही” असं म्हणायची सोय राहिली नव्हती.

तीन महिन्यांचे सहा झाले. यंत्रं बसली, पण सूत तुटायचं. कोरड्या हवेमुळे, म्हणत. काहीतरी सुटे भाग यायचे होते, ते आले की काही दिवस चालायची, पुन्हा बंद. होळी गेली. उन्हाळा चढला. खोलीतला पत्रा दुपारी तडतडायचा. मी जेवण वाढून, बाटल्या उघडून, पेले धुवून चार वाजता पलंगावर पडायचे आणि भिंतीपलीकडून जाणाऱ्या एसट्यांचे आवाज ऐकायचे. कुठली अमळनेरची असेल, असा अंदाज करायचे.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात. खानदेशात दिवाळीपेक्षा ती लेकींना मोठी. झाडाला झोके बांधतात, गौराई बसवतात, सासरच्या उखाळ्यापाखाळ्या गाण्यांतून काढतात. पहिल्या आखाजीला तर नेतातच. आईचं पत्र आलं, आबा न्यायला येत आहेत. मी यजमानांना दाखवलं. त्यांनी वाचून घडी घातली.

“मोठे साहेब मुंबईच्या डायरेक्टरांना आणतायत त्या आठवड्यात. ट्रायल आहे. आखाजीनंतर जा ना, चांगली आठ दिवस जा.”

“आखाजीनंतर काय असतं?”

“अगं, तुझ्याशिवाय इथे कोण...” पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं. मी पत्र लिहिलं, येणं जमत नाही. ते पत्र पोचण्याआधीच आबा निघालेले असणार.

ते आले ते बरोबर जेवणाच्या वेळेला. पाच-सहा किलोमीटर धुळ्याच्या स्टँडवरून चालत. उन्हामुळे दार उघडं होतं, वाळ्याचा पडदा सोडलेला. टेबलाशी तिघं पाहुणे आणि यजमान. मी टोकाशी उभी, बाटलीत वेटोळं चार वेढे गेलेलं, आणि खाच काठावर टेकवत होते. पडदा बाजूला झाला. डोक्यावर टोपी, खांद्यावर उपरणं, हातात कापडी पिशवी. घामानं सदरा अंगाला चिकटलेला.

मला हात सोडता येईना. वेटोळं आत होतं. अर्धवट सोडलं तर बाटली कलंडली असती. आणि आबा बघत होते. मी उचललं. बूच टप्पकन आवाज करून निघालं. इतका मोठा आवाज त्याआधी कधी आला नव्हता, किंवा मलाच तसं वाटलं असेल.

यजमान उठले, पाया पडले, पाहुण्यांना सांगितलं, हे माझे सासरे. तिघंही उभे राहिले. म्हाताऱ्यानं हात जोडले. आबांनीही जोडले. “बसा, जेवण करा,” ते म्हणाले. “आपलं चालू द्या.” यजमानांनी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. आबा म्हणाले, “आज उपास शे माना.” त्या दिवशी कुठलाच उपास नव्हता. ते मागे फिरले आणि बाहेर व्हरांड्यात कडुलिंबाच्या सावलीत जाऊन बसले.

मी तांब्या घेऊन बाहेर गेले. त्यांनी पाणी माझ्या हातचं घेतलं. आधी वाटलं, घेणार नाहीत. मी शेजारी खाली बसले. हात पदराखाली.

“तुले कोणी मारस का?” त्यांनी विचारलं.

“नाही आबा.”

“जवाई पेस का?”

“नाही. कधीतरी घोटभर, पाहुण्यांसाठी.”

“मंग तू कसाले उघाडस?”

नवऱ्यानं सांगितलं म्हणून, मोठ्या साहेबांनी सांगितलं म्हणून, टाळ्या वाजल्या म्हणून, आता सवयच झाली म्हणून. यातलं एकही आबांना सांगण्यासारखं नव्हतं. मी म्हणाले, “माझ्याशिवाय कुणाला येत नाही.”

आबांनी समोरच्या भिंतीवरच्या काचांकडे पाहिलं. जावयाला ते काही बोलणार नव्हते, हे मला माहीत होतं. मुलीच्या बापानं जावयाच्या दारात आवाज चढवायचा नसतो, हे त्यांच्या हाडात होतं. त्यांचेही हात बांधलेलेच होते.

“मी तुले लेवाले उनू,” ते शेवटी म्हणाले. “येस त चाल. नई येस त मी जास.”

आवाजात राग नव्हता. त्यामुळेच मला उठता आलं. मी आत गेले. टेबलावर दुसरी बाटली न उघडलेली ठेवलेली होती. मी ती उचलली, यजमानांच्या समोर ठेवली, आणि रुमालावरचं ते हत्यार त्यांच्या हातात दिलं.

“मी आबांबरोबर जातेय,” मी म्हणाले. “आत्ता. तुम्ही शिकून घ्या.”

“अगं, उद्या कोण उघडणार?” ते दबक्या आवाजात म्हणाले. खरंच तेच म्हणाले. इतक्या वर्षांनीही ते वाक्य मला जसंच्या तसं ऐकू येतं.

“तुम्ही. हे पातं इथून फिरवा. टोक मध्यावर नको, जरा कडेला ठेवा. दाबू नका. फिरवा.” मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि फिरवायला लावलं. मी त्यांचा असा हात त्याआधी कुणासमोर कधी धरला नव्हता. “एक वेढा बाहेर राहू द्या. आता टेकवा. आता उचला.” बूच तिरकं आलं, पण अख्खं आलं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पांढऱ्या मिशांच्या म्हाताऱ्यानं घसा खाकरला आणि त्याच्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत विचारलं, म्हणजे हा तुमचा रिवाज नाही? आमच्याकडे घरात बाटली मी उघडतो, माझी बायको नाही. पहिल्या दिवशी बाटली हातातून काढून घेतली, पुढे तुम्हीच उघडायला लागलात, तेव्हा आम्हाला वाटलं, इथे घरच्या मालकिणीनंच उघडायची असते, पाहुण्यानं हात लावला तर तिचा अपमान होतो. म्हणून सहा महिने आम्ही हात बांधून बसलो.

तो हे सांगताना लाल झाला होता. तरुणांपैकी एक म्हणाला, मला तर पहिल्यापासून वाईट वाटत होतं. मी कपडे भरायला आत गेले.

फाटकावर वॉचमननं रजिस्टर उघडलं. वेळ लिहिली. “परत कधी, मॅडम?” त्यानं विचारलं. मी आबांच्या मागे बाहेर पडले.

अमळनेरच्या बसमध्ये खिडकीशी आबा, शेजारी मी. पारोळ्यापर्यंत ते काहीच बोलले नाहीत. मला वाटलं, आता आयुष्यभर असंच. मग पारोळ्याच्या स्टँडवर बस थांबली असताना ते पुढे बघतच म्हणाले, “ते बूच नुसतं वढीसन निंघत नई का?”

मी त्यांना सांगितलं. टेकू, वेढे, मधली पोकळी, काडी घालून बघायची खूण. शेतकऱ्याला हत्यार समजतं. त्यांनी दोन प्रश्न विचारले, तेही बरोबर जागचे. “तुना हात बसेल शे,” ते म्हणाले, आणि पुन्हा बाहेर बघायला लागले. आईला त्यांनी त्यातलं काहीही कधी सांगितलं नाही. मीही नाही. आखाजीला मी झोक्यावर बसले, गाणी म्हटली. सासरच्या गाण्यांत मैत्रिणी आपापल्या सासूला शिव्या घालत होत्या. माझी पाळी आली तेव्हा मला काही सुचेना, म्हणून मी पण सासूलाच घातल्या. ती बिचारी चाळीसगावला राहायची आणि ती मला कधी उलट शब्द बोललेली नव्हती.

आठव्या दिवशी मी परत आले. आले म्हणजे स्वतःच आले, आबा स्टँडपर्यंत सोडायला. दुसरीकडे कुठे जाणार होते? यजमान फारसं बोलले नाहीत. महिनाभर तरी घरात कामापुरतंच बोलणं होतं. पण दुपारी बाटल्या म्हातारा उघडायचा, आणि कधी कधी यजमान. पाऊस पडून हवा ओली झाल्यावर यंत्रं एकदाची चालू राहिली आणि तिघं आपल्या देशी गेले. जाताना म्हातारा माझ्या हातचं लोणचं घेऊन गेला. खोलीत दोनेक डझन बाटल्या उरल्या होत्या.

त्यानंतर गणपतीच्या सुमारास एका दुपारी मोठे साहेब न सांगता आले, बरोबर तिघं-चौघं अनोळखी लोक. मी स्वयंपाकघरात होते. बाहेरून त्यांचा आवाज आला, “अरे, उरलीय ना तुझ्याकडे एखादी? आणि वहिनींना बोलव. यांना बघायचंय.”

मी पदर डोक्यावर घेतला. ओलं झालेलं बोट पुसलं. पाय आपोआप दाराकडे वळला होता.

यजमान म्हणाले, “ती माहेरी गेलीय, सर.”

“पुन्हा?”

“हो. आईला बरं नाही तिच्या.”

आईला काही झालेलं नव्हतं. मी दारामागे तशीच उभी राहिले. ते माझ्यासाठी खोटं बोलले होते, आणि तेही मोठ्या साहेबांना, ज्यांच्यासमोर त्यांची मान वर व्हायची नाही. मला रडू आलं, पण रडण्याचाही आवाज करता येत नव्हता. स्टोव्हवर वरण उकळत होतं, ते मी हलकेच खाली उतरवलं, भांडं भांड्याला लागू नये म्हणून दोन्ही हातांनी. मग जमिनीवर बसले. बाहेर बाटली उघडल्याचा आवाज आला, मग पेले, मग हसणं. ते लोक तासभर बसले. तेवढा वेळ मी बांगड्या कोपरापर्यंत वर चढवून, हलू न देता, माझ्याच घराच्या स्वयंपाकघरात नसल्यासारखी बसून होते.